घरी पाळणाघर चालवायचंय? आधी हात मोजा

छत्रपती संभाजीनगरला वाळूज, बजाजनगर, सिडको या बाजूला नवरा-बायको दोघंही कामाला जाणारी घरं बक्कळ झालीत आणि दर दोन गल्ल्या सोडल्या की कुणी ना कुणी काकू घरातच लेकरं सांभाळायलीय. मी पण त्यातलीच. लातूर, परभणी, नांदेडकडच्या ओळखीच्या बाया फोन करतात की ताई आम्हाला पण घरी पाळणाघर चालू करायचंय, काय काय घ्यावं लागंल, आणि पुढचा प्रश्न हमखास भिंतीला रंग कोणता, कार्टूनचे स्टिकर लावू का, कॅमेरा कुठं बसवू, घसरगुंडी प्लास्टिकची चालंल का. चालंल, सगळं चालंल, पण त्याआधी मला एवढंच सांगा की दिवसभर लेकरांजवळ मोठ्या माणसाचे हात किती राहणार आणि लेकरं किती राहणार. काळजी चांगली होते का नाही ते तिथंच ठरतं. म्हणून मी जे खाली लिहितेय ते सगळं त्या आकड्यापासून सुरू होतंय, आणि आईबाप वाचत असाल तर तुम्ही पण पाळणाघर बघायला जाताना पहिला प्रश्न हाच विचारा.

किती लेकरं घ्यायची

एका लेकराची शी धुवायला तुम्ही मोरीत गेलात की बाकीची लेकरं त्या वेळात एकटी असतात, हे आधी डोक्यात घ्या. इंग्लंडमध्ये घरी लेकरं सांभाळणाऱ्या बाईला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ लेकरं ठेवता येतात, त्यातली पाचच्या आतली ३ आणि वर्षाच्या आतलं १ च, आणि या हिशोबात तिची स्वतःची लेकरं पण धरली जातात. तिथं घराघरात टिपाडात पाणी साठवून ठेवलेलं नसतं, कूलर नसतो, दुपारी लाईट जात नाही, तरी आकडा एवढाच. आपल्याकडं एका बाईजवळ दहा-दहा, बारा-बारा लेकरं मी बघितलीत आणि तिथं लेकरं शांत दिसतात पण ती टीव्हीपुढं बसवलेली असतात म्हणून शांत असतात.

माझं मत असं की एकटी असाल तर चार लेकरं, त्यात चालायला न लागलेलं एकच. मदतीला दुसरी बाई दिवसभर असंल तर सात-आठ, त्यात तान्ही दोन. आणि दिवसभर म्हणजे दिवसभर, भांडी घासायला येऊन तासाभरात जाणारी बाई मदतनीस धरायची नाही. सासूबाई असतात घरात, त्यांना पण मोजू नका, त्या त्यांच्या मनानं लेकरू घेतात ते घेऊ द्या पण त्यांच्या भरवशावर एक लेकरू जास्तीचं घ्यायचं नाही. तुमचं स्वतःचं लहान असंल तर ते मात्र मोजायचं.

अजून एक गोष्ट जी सुरुवातीला लक्षात येत नाही ती म्हणजे दिवसाचा आकडा सारखा नसतो. सकाळी तीन लेकरं असतात, बाराला बालवाडी सुटली की व्हॅनवाला दोन सोडून जातो, फर्स्ट शिफ्टची आई साडेतीनला येणार असते आणि सेकंड शिफ्टची लेकरं अडीचलाच येऊन बसतात, त्यामुळे बारा ते साडेतीन हा वेळ सगळ्यात वाईट, त्याच वेळात तान्हं झोपलेलं, मधलं भुकेलं, आणि शाळेतून आलेलं दप्तर फेकून उड्या मारायलंय. तेव्हा लेकरं मोजायची ती या गर्दीच्या वेळची मोजा, सकाळची नाही. आणि सोय अशी करा की व्हॅन यायच्या आधी तान्ह्याचं दूध, लंगोट, झोप उरकलेली असावी, मोठ्यांचं ताट वाढून झाकून ठेवलेलं असावं, म्हणजे ती आल्यावर तुम्ही किचनमध्ये नसता, त्यांच्याजवळ असता.

ओळखीतली बाई गळ घालते, ताई फक्त माझं एक घ्या ना, मी दोन हजार जास्त देते. घेऊ नका. जागा झाली की पहिला फोन तुम्हालाच करते असं सांगा आणि खरंच करा.

नवं लेकरू आलं की

कायद्यानं बाळंतपणाची रजा २६ आठवडे आहे, २०१७ पासून, पहिल्या दोन लेकरांना. पण त्यातले ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात, आणि ज्यांनी तेवढे आधीच घेतले त्यांचं लेकरू चार-साडेचार महिन्यांचं असतानाच आई कामावर हजर होते. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा लेकराकडं जाऊ द्यावं लागतं हे पण त्याच कायद्यात आहे, तुमच्याकडं येणाऱ्या आयांना हे सांगत जा, कित्येकींना माहीतच नसतं. पण कॉन्ट्रॅक्टवरच्या बायांना त्यातलं फार काही मिळत नाही आणि ती लेकरं आपल्याकडं येतात, कधी कधी तीन महिन्यांचीच.

सवय लावायला आठ-दहा दिवस ठेवा. पहिले दोन-तीन दिवस आईनं लेकरासोबत तुमच्या घरी तासभर बसायचं, तुम्ही लेकराला लगेच ओढून घ्यायचं नाही, जवळ बसून आईशी बोलत राहायचं, म्हणजे लेकराला कळतं की ही बाई आईच्या ओळखीची आहे. मग आई अर्धा तास जाते, मग दोन तास, मग जेवणापर्यंत. आईला आधीच बजावून ठेवा की ड्युटीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी आणून सोडू नका. आठ महिन्यांच्या पुढं आणि दीड वर्षापर्यंत लेकराला आई नजरेआड झाली की जास्त भीती वाटते, तो वयाचाच भाग आहे, त्याला लाडावलेलं म्हणू नका.

आणि आई गुपचूप सटकते ना, लेकराचं लक्ष खेळण्याकडं वळवून, ते बंद करा. लेकरू वळून बघतं तर आई नाही, मग दुसऱ्या दिवसापासून ते आईचा पदर सोडतच नाही कारण त्याला वाटतं कधीही जाऊ शकते. सांगून जायचं, मी जाऊन येते, मावशीकडं जेव, मी आले की घरी जाऊ, हात हलवायचा आणि निघायचं, दारात अर्धा तास घुटमळायचं पण नाही. रडंल. रडू द्या पण तुमच्या मांडीवर रडू द्या. आईची जुनी ओढणी जागेपणी हातात धरायला दिली तर बऱ्याच लेकरांना बरं वाटतं, झोपताना मात्र वर्षाखालच्या लेकराजवळ ती ठेवायची नाही.

बोलणं

मला विचाराल तर पाळणाघर चांगलं का वाईट हे ओळखायचं असंल तर तिथली बाई लेकरांशी बोलते कशी ते दहा मिनिटं ऐका. लंगोट बदलताना बोलता का तुम्ही? का मान फिरवून फोनवर बोलत बोलत बदलता? आता पाय वर घेऊ, गार पाणी लागंल हं, झालं बघ कोरडं, असं सहा महिन्यांच्या लेकराला सांगायचं, ते अं अं करून उत्तर देतं, त्याचं ते अं अं झालं की आपण परत बोलायचं, मधी थांबायचं, त्याला वेळ द्यायचा. भाषा अशीच येते. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट बदलता म्हणजे सहा-सात वेळा तुम्ही आणि ते एकच लेकरू असता, बाकी कुणी नाही, हा वेळ वाया घालवू नका.

थोडी मोठी असली की भाजी निवडताना जवळ बसवा, मेथीची जुडी त्यांच्या हातात द्या, ही काडी, हे पान. खेळायला घरातल्या वाट्या, डबे, चमचे, चाळणी, कापडाचे तुकडे, पाट, आणि अंगण असंल तर माती, एवढं पुरतं. फक्त ज्वारी, तूर, सोयाबीन, चिंचोके असलं काही तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना खेळायला द्यायचं नाही, नाकात घालतात, कानात घालतात, नाकात गेलेला दाणा ओला होऊन फुगतो आणि मग डॉक्टरकडं पळावं लागतं.

भीती घालून गप्प करायचं नाही. बुवा येईल, पोलीस नेईल, डॉक्टर सुई टोचंल, मम्मी येणारच नाही आज. शेवटचं तर अजिबात नाही, ज्या लेकराची आई खरंच दिवसभर दिसत नाही त्याला हे वाक्य खरं वाटतं. रडणाऱ्या पोराला पोरगा असून रडतो का असं पण नको. मारायचं नाही, चिमटा नाही, अंधाऱ्या खोलीत नाही, जेवण बंद नाही, आणि आईबाप म्हणाले की द्या ना दोन फटके आमची हरकत नाही तरी नाही. चावणारं लेकरू असतं एखादं, दीड-दोन वर्षांचं, त्याला बोलता येत नसतं म्हणून चावतं. ज्याला चावलं त्याला आधी जवळ घ्या, मग चावणाऱ्याला खाली बसून डोळ्यात बघून सांगा की चावायचं नाही, त्याला दुखतं, आणि पुढचे काही दिवस ते कोणत्या वेळेला चावतं ते बघा, बहुतेक भुकेच्या नाहीतर झोपेच्या वेळेला असतं.

टीव्ही-मोबाईलचं सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, २ ते ४ वर्षांना दिवसात तासभरापेक्षा जास्त नको. तो तासभर घरी आईबापाकडं होतोच, म्हणून पाळणाघरात शून्य ठेवा. ज्या दिवशी टीव्ही लावल्याशिवाय भागत नाही असं वाटतं त्या दिवशी लेकरं जास्त झालीत असं समजा.

खाणं-पिणं

सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला फक्त आईचं दूध, नाहीतर डॉक्टरनं सांगितलेलं डब्याचं दूध. पाणी नाही, उन्हाळ्यात पण नाही, मध नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. मध तर वर्षभर नाही. आईनं काढून दिलेलं दूध २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं असं धरतात, पण आपल्याकडं फेब्रुवारी संपला की खोली २५ ला कुठं राहते, म्हणून दूध बर्फाच्या पिशवीतून आणायला सांगा आणि आल्या आल्या फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नाही. बाटलीवर नाव आणि वेळ. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही, उष्टं राहिलेलं दोन तासांनी फेकायचं. जमत असंल तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा. डब्याचं दूध डब्यावर लिहिलंय तेवढंच घट्ट करा, पुरवायला पातळ करू नका. बाटली उशीला टेकवून लेकराच्या तोंडात ठेवून उठून जायचं, हे कधीच नाही.

सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर, नाचणीचं सत्त्व, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून तूप घालून, हे सगळं आपल्या घरात असतंच. ताटात वाढायचं ते घट्टसर, पाण्यासारखं नाही. आणि जबरदस्ती करायची नाही, नाक दाबून, मांडीत आडवं पाडून भरवणं तर नाहीच. वर्ष उलटलं की लेकराची भूक कमी होते, त्याची वाढ पण हळू होते म्हणून, आईला वाटतं मावशी भरवत नाही. म्हणून जेवढं खाल्लं तेवढंच सांगा, अर्धी वाटी तर अर्धी वाटी.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोळ्या-चॉकलेटं चार-पाच वर्षांपर्यंत नको. हुरड्याच्या दिवसात मोठी लेकरं मुठीमुठीनं खातात आणि लहान्याच्या तोंडात पण घालतात, तिथं लक्ष. घशात अडकलं आणि लेकराला खोकता येईना, आवाज निघेना तर वर्षाखालच्याला पालथं हातावर घेऊन डोकं खाली करून पाठीवर दोन खांद्यांच्या मधी ५ थापट्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, परत थापट्या. वर्षापुढच्याला आधी पाठीवर ५ थापट्या, मग मागून धरून बेंबीच्या वर ५ झटके. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, आत ढकललं जातं. हे वाचून येत नाही, तुमच्या लेकरांच्या डॉक्टरकडून नाहीतर सिस्टरकडून बाहुलीवर करून घ्या, मदतनीस बाईला पण शिकवा.

झोप

वर्षाखालचं लेकरू उताणंच झोपवायचं, सपाट, घट्ट गादीवर, जवळ उशी नाही, जाड गोधडी नाही, टेडी नाही. पालथं झोपलं की छान झोपतं असं आज्ज्या सांगतात, पण झोपेत दगावणाऱ्या लेकरांमध्ये पालथ्या झोपणाऱ्यांचा धोका जास्त आहे हे आता नक्की झालेलं आहे. साडीची झोळी आपल्याकडं घरोघर असते, मी नाही म्हणत नाही, झोका द्या, पण डोळा लागला की उचलून सपाट ठेवा, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि लहान्याचा श्वास अडतो, आणि मोठं लेकरू झोके द्यायला लागलं की वेगळीच भीती. गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपताना काढायचा. आईला आधी नीट सांगायचं, परत बांधून देते म्हणायचं, श्रद्धा असते तिची.

झोपल्यावर पण दर दहा-पंधरा मिनिटांनी जाऊन बघा. छाती हलतीय का, घामाघूम झालंय का.

पाणी, कूलर, रॉड

हे आपल्या भागाचं आहे म्हणून जास्त लिहिते. नळाला रोज पाणी येत नाही, काही ठिकाणी आठवड्यानं येतं, २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती, त्यामुळे टिपाड, हौद, बादल्या, घागरी भरलेल्या असणं हा आपला रोजचा संसार आहे. पण नुकतं चालायला लागलेलं लेकरू बादलीत वाकलं की त्याचं डोकं जड असतं, तोल पुढं जातो, परत उठता येत नाही, आणि आवाज होत नाही. चार बोटं पाणी पुरतं. बाजूच्या खोलीत असून पण कळत नाही. म्हणून न्हाणीघराला बाहेरून वरच्या अंगाला कडी, टिपाडाला घट्ट बसणारं झाकण आणि त्यावर जड काहीतरी, हौदाला लोखंडी जाळी, आणि वापरून झालेली बादली लगेच पालथी. पाणी आलेल्या दिवशी मोटर लावायची, भरायचं अशी घाई असते, तेव्हा लेकरांजवळ दुसरं माणूस नसंल तर पाणी भरायचं काम लेकरं यायच्या आधी नाहीतर गेल्यावर. पाण्याची वेळ मधीच आली तर शेजारणीला बोलवा.

साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास होतो आणि तो दिवसा चावतो, म्हणजे नेमका लेकरं झोपलेली असताना. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून आतून घासायची, नुसतं ओतून देऊन चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. दुपारच्या झोपेला मच्छरदाणी.

मार्चपासून कूलर. पत्र्याचा कूलर, खाली ओल, उघड्या पायाचं लेकरू हात लावतं, आणि करंट उतरलेला असला तर काही करता येत नाही. कूलर खिडकीच्या बाहेर बसवा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट उतरला की लाईट आपोआप तोडणारं बटन, बसवून घ्या, हा खर्च खेळण्यांच्या आधी करा. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटन बंद करून नाही. हिवाळ्यात पाणी तापवायचा रॉड बादलीत लावून ठेवतात, पाळणाघराच्या वेळेत रॉड लावायचाच नाही.

ऊन तर विचारूच नका, परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. वर पत्रा असंल तर त्या खोलीत दुपारी लेकरं ठेवायची नाहीत, सकाळी अकरा ते चार बाहेर नाही, सहा महिन्यांपुढच्यांना घोट घोट पाणी, ताक. तान्ह्याच्या लघवीवर लक्ष ठेवा, चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट ओलं व्हायला पाहिजे.

चहा, गरम वरण सांडलं तर भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं पाणी, नळाला पाणी नसंल तर तांब्यानं ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही, बर्फ पण नाही. फवारणीचं औषध, फिनेल, ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय घरात असंल तर ती आजच मोडा. लेकरानं काही प्यायलं तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना. पावसाळ्यात गाद्या-चादरी झटकून अंथरायच्या, विंचवाचा भरवसा नाही.

आजारी लेकरू

जुलाब, कांजिण्या, डोळे आलेले, ताप, अशा लेकराला घ्यायचं नाही हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत नाही. आई म्हणते सुट्टी मिळत नाही हो, तिचं पण खरं असतं, पण बाकीच्या लेकरांच्या आया पण नोकरीच करायल्यात. लसीचं कार्ड घेताना बघा, गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिलं असंल तर अंगणवाडीच्या ताईला, आशाताईला विचारा, त्या वजन पण करून देतात, ओळख ठेवा त्यांच्याशी.

औषध तुमच्या मनानं काहीच द्यायचं नाही. आईनं वहीत लिहून दिलं, औषधाचं नाव, किती, किती वाजता, तरच. खोकल्याचं औषध तर दोन वर्षांच्या आत कुणी शेजारीण सुचवते म्हणून पाजायचं नाही.

आईला फोन करत बसायच्या आधी दवाखान्याकडं निघायचं असं कधी? लेकरू काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटतंय, झटका आला, उठवलं तरी उठत नाही, श्वास घेताना छातीच्या खालचा भाग आत ओढला जातोय. श्वास मोजायला शिका, शांत असताना पूर्ण एक मिनिट, २ महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांना ४० किंवा जास्त असले तर दम लागलाय. तीन महिन्यांच्या आतल्याला १००.४ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. जुलाबाला ओआरएस, मोठं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण. गाडी नसंल तर १०८. जवळचा लेकरांचा डॉक्टर कोण, रात्री-बेरात्री घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात न्यायचं का खाजगीत, हे प्रत्येक आईबापाकडून आधी लिहून घ्या.

ज्यावर बाया बोलत नाहीत

लेकराची चड्डी-लंगोट फक्त तुम्ही नाहीतर मदतनीस बाई बदलणार, दार उघडं ठेवून. घरातला नवरा, दीर, मोठा मुलगा, भाडेकरू, कुणीही असो, लेकराजवळ एकटा खोलीत थांबणार नाही. घरच्यांना हे वाईट वाटतं, पण सगळ्यांना सारखाच नियम आहे असं एकदा सांगितलं की वाद राहत नाही, आणि त्यांच्यावर पण उद्या कुणी बोट दाखवणार नाही. घरात कोण कोण राहतं हे आईबापाला पहिल्या भेटीतच सांगा. तीन-चार वर्षांच्या लेकरांना सांगत राहा की चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावला, दुखवलं, तर मावशीला सांगायचं, मम्मीला सांगायचं, मावशी रागावणार नाही. लेकरानं काही सांगितलं तर शांतपणे ऐका, परत परत खोदून विचारू नका, खोटं बोलतो म्हणू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते घरचं असो का बाहेरचं. १०९८ हा लेकरांसाठीचा नंबर चोवीस तास चालतो, दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

न्यायला कोण येणार त्याची नावं आणि फोटो आधी घ्या. आज मामा येणार असंल तर आईचा फोन आला पाहिजे, मामा नुसता दारात उभा राहून चालणार नाही, लेकरू त्याला ओळखत असलं तरी. बाप पिऊन आला तर लेकरू द्यायचं नाही, आईला बोलवायचं.

वही

प्रत्येक लेकराची एक दोनशे पानी वही. आल्यावर अंगावर काही ओरखडा, नीळ, ताप असंल तर तिथंच आईसमोर लिहायचं. मग दूध किती वाजता किती, जेवण, झोप कधी ते कधी, शी-शू, पडलं-धडपडलं. पडलं तर लपवायचं नाही, कपाळावर टेंगूळ आलं की त्याच मिनिटाला फोन करायचा, फोटो पाठवायचा, संध्याकाळी आईनं स्वतः बघून विचारलं की विश्वास गेला आणि तो परत येत नाही. पहिल्यांदा पाऊल टाकलं तर ते मात्र मी सांगत नाही. आज लई हलायलंय, घरी गेल्यावर उभं करून बघा असं म्हणते.

फोटो आईला पाठवा, तुमच्या स्टेटसला ठेवू नका. चार लेकरांचा एकत्र फोटो एका आईला पाठवायचा असंल तर बाकीच्या तिघींना विचारा. कॅमेरा असंल तर असू द्या, पण लंगोट बदलायच्या जागेवर नको.

पैसे आणि सुट्ट्या

फी ठरवताना शेजारची किती घेते ते बघू नका, मदतनीस बाईचा पगार, लाईटबिल, गॅस, दूध-भाजी, साबण-फिनेल, आणि मग तुमचे पैसे, असं वहीवर मांडा आणि चार किंवा आठ लेकरांत वाटा. आकडा जास्त येईल, तोच सांगा. कमी फी ठेवली की महिन्याभरात लेकरं वाढवावीच लागतात. उशिरा न्यायला आलं तर अर्ध्या तासाचे किती, लेकरू गावाला गेलं तर महिन्याची फी अर्धी का पूर्ण, बंद करायचं असंल तर एक महिना आधी सांगायचं, हे सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्या. तुम्ही आजारी पडलात तर त्या दिवशी काय, तेही त्यातच. जवळपासची दुसरी पाळणाघरवाली ओळखीची ठेवा, पण तिच्याकडं लेकरू पाठवायचं तर आईला विचारूनच, आणि तिच्याकडची लेकरं आधी मोजून.

सुट्ट्यांची यादी जानेवारीतच द्या. पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, दिवाळी, आणि लातूर-धाराशिवकडच्या असाल तर येळवस म्हणजे वेळा अमावस्या पण टाका, त्या दिवशी तुम्ही शेतात असणार आणि कंपनीवाल्या आईला मात्र सुट्टी नसणार, तिला चार महिने आधी कळलं तर ती गावाहून सासूला बोलावून घेते, आदल्या रात्री मेसेज टाकला तर ती बिचारी कुठं जाणार.